धरणारा दात, सोडणारा दात

जुन्या मोटारसायकलच्या किकवर पाऊल टेकवावं, शरीराचा भार तिच्यावर सोपवावा आणि तिने पुढे जायला नकार द्यावा, तर त्या नकाराच्याही जाती असतात. एक नकार अगदी वरच, पहिल्या बोटभर अंतरात येतो. पाऊल जेमतेम वजन देऊ लागतं तोच आत काहीतरी कशाला तरी अडतं आणि ‘कट्’ असा कोरडा आवाज होतो. दुसरा नकार मध्यावर येतो, दर वेळी नेमका त्याच जागी येतो, आणि त्याला आवाजच नसतो. तिसऱ्यात किक कुठल्याच बिंदूला हलत नाही. चौथ्यात ती निमूट खाली जाते, इंजिन फिरवतेसुद्धा, पण वर यायचं विसरते आणि फूटरेस्टच्या बाजूला लोंबत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला हे चारही प्रकार सारखेच दिसतात आणि तो म्हणतो, किक जाम झाली. ज्याचा कान तयार आहे त्याला मात्र ही चार वेगळ्या कथांची चार आरंभवाक्यं वाटतात, आणि कुठल्या वाक्यामागे कुठली कथा येणार याचा अंदाज बांधण्यात त्याला गायनाच्या मैफलीत पहिल्या दोन सुरांवरून राग ओळखण्याइतकाच आनंद असतो.

हा आनंद घ्यायला आपण सारंगखेड्याला जाऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्याचं, तापीकाठचं हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एकमुखी दत्तामुळे आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या यात्रेत, भरणाऱ्या घोडेबाजारामुळे. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र इथली वाहतूक पेलतात त्या मोटारसायकली. दोंडाईच्याकडून येणारा रस्ता तापी ओलांडून गावाला भेटतो आणि पुढे शहाद्याकडे जातो. शहाद्याच्याही पलीकडे सातपुडा उभा राहतो आणि तोरणमाळचा घाट सुरू होतो. ऊस, कापूस, केळी आणि पपई यांच्या बांधांवरून, दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून, चाऱ्याचा भारा मागे बांधून या गाड्या धावतात. अशा मुलखात गाडीचं वय झालं म्हणून तिला कोणी मोडीत घालत नाही. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १००, त्याच वर्षीची यामाहा आरएक्स १००, १९९४ नंतरच्या कितीतरी स्प्लेंडर, अधूनमधून एखादी राजदूत किंवा येझदी, यांना खेड्यापाड्यांतले मिस्त्री अजून चालतं ठेवतात, आणि ‘चालतं ठेवणं’ ही क्रिया किती सूक्ष्म असते हे किक अडली की समजतं.

रस्त्याकडेच्या अशा एखाद्या गॅरेजसमोर आपण उभे राहू. गाडी ढकलत आणलेली असते, मालकाच्या कपाळावर घाम असतो. मिस्त्री विचारतो, “काय व्हयनं?” आणि उत्तर ऐकत असतानाच खाली बसतो. आता त्याचं पहिलं कृत्य पाहू, कारण रसग्रहणाची खरी सुरुवात तिथे आहे. तो किकवर पाय ठेवत नाही. तो तिला हाताने धरतो, आणि तेही पूर्ण मुठीत न धरता, लिव्हरच्या टोकाला दोन-तीन बोटं लावून तिला हळूच खाली आणतो. आतला अडथळा लागला की थांबतो, वर सोडतो, पुन्हा आणतो. पायाला बळ आहे, पण बारीक स्पर्श नाही. बुटाच्या तळव्याला सगळे अडथळे सारखेच लागतात. बोटांना मात्र हे कळतं की दात दातावर टेकला आहे, की स्प्रिंग मध्येच सैल पडते आहे, की आत काही गडगडतं आहे. शिवाय किक ही तरफ आहे. तिच्या लांब दांड्याने आधीच वाढवलेला माणसाचा सगळा भार शेवटी एखाद-दोन दातांच्या कडांवर जाऊन उतरतो. अडलेल्या किकवर उडी मारणारा माणूस हा सगळा भार आतल्या सर्वात दुबळ्या जागेवर नेऊन ठेवत असतो. दहा मिनिटांचं काम त्या एका उडीने दोन दिवसांचं होतं, म्हणून मिस्त्रीच्या बोटांतला हा संयम मला त्याच्या साऱ्या हत्यारांपेक्षा मोलाचा वाटतो.

पण ही बोटं आत नेमकं काय चाचपतात? त्यासाठी झाकणाआड डोकवायला हवं. किक स्टार्टरचं श्रेय यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट या इंग्रज अभियंत्याला दिलं जातं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या दशकांमधली ही गोष्ट. त्यापूर्वी मोटारसायकल सुरू करायची म्हणजे तिला ढकलत धावायचं आणि इंजिन बोलू लागताच उडी मारून बसायचं, किंवा सायकलसारखे पेडल मारायचे. एका जागी उभं राहून, एका पायाने इंजिनाला जागं करायचं ही कल्पना ऐकायला सोपी आहे, पण तिच्यात एक विलक्षण पेच दडलेला आहे. पायाने इंजिनाला फिरवायचं, म्हणजे पाय आणि इंजिन एकमेकांशी घट्ट जोडलेले हवेत. आणि इंजिन सुरू होताच ते मिनिटाला हजारापेक्षा जास्त फेरे घेऊ लागतं, म्हणजे त्याच क्षणी पाय आणि इंजिन एकमेकांपासून पूर्ण सुटलेले हवेत, नाहीतर लिव्हर पायाला घेऊन भिरकावेल. जोडायचं आणि सोडायचं, दोन्ही एकाच हालचालीत, माणसाच्या कसल्याही आज्ञेविना. हा पेच ज्याने सोडवला तो रॅचेट, आणि त्याच्या दातांकडे आपण थोडं थांबून पाहू.

साध्या गियरचा दात दोन्ही अंगांनी सारखा असतो. रॅचेटचा दात तसा नसतो. त्याची एक बाजू उभी कापलेली असते आणि दुसरी उतरती. उभी बाजू समोरच्या दाताला धरते. उतरती बाजू समोरच्या दाताला आपल्यावरून घसरू देते. पाऊल खाली येतं तेव्हा उभ्या बाजू एकमेकींना भिडतात आणि पायाचं बळ इंजिनाला मिळतं. इंजिन पेट घेऊन पायाच्या पुढे पळू लागतं तेव्हा त्याच दातांच्या उतरत्या बाजू परस्परांवरून सरकत जातात आणि इंजिन मोकळं होतं. किक सोडून दिल्यावर ती परत वर येताना जो ‘किर्रर्र’ असा मऊ, दाणेदार आवाज येतो, तो या घसरणाऱ्या उतारांचा आवाज आहे. निरोगी गाडीच्या किकचा तो आवाज ऐकत राहावा असा असतो. धातूच्या त्या लहानशा वर्तुळात धरण्याचं आणि सोडण्याचं दोन्ही सामर्थ्य एकाच दाताच्या दोन अंगांवर कोरलेलं आहे, आणि मला तर नेहमी वाटतं की त्यातलं सोडण्याचं अंग अधिक सुंदर आहे. धरणं बळाने जमतं. सोडायचं तर नेमक्या क्षणी आणि स्वतःहून सोडावं लागतं, त्याला आकारातलं शहाणपण लागतं. किक जाम होते तेव्हा बहुतेक वेळा हेच अंग आजारी पडलेलं असतं: काहीतरी सुटायला हवं होतं आणि सुटलेलं नसतं.

मग हे सुटणं घडवून आणायला वेगवेगळ्या कारखान्यांनी ज्या युक्त्या योजल्या, त्या पाहताना तर मन हरखून जातं. एका जातीच्या रचनेत किकच्या शाफ्टवर तिरके खाचे असतात आणि त्यावर रॅचेटचा तुकडा बसलेला असतो. किक वर, विश्रांतीच्या जागी असते तेव्हा केसमधला, म्हणजे इंजिनच्या कवचातला, एक लहानसा उतार त्या तुकड्याला गियरपासून दूर धरून ठेवतो. किक खाली येऊ लागली की तुकडा त्या उतारावरून उतरतो, मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि दातांत दात बसतात. किक परत गेली की तोच उतार त्याला पुन्हा दूर नेतो. यामाहाच्या दोन स्ट्रोक गाड्यांतली युक्ती तर अजून मोहक आहे. तिथे किक गियरला बारीक तारेची एक क्लिप कवळून असते आणि तिचं टोक केसच्या खाचेत अडकवलेलं असतं. शाफ्ट फिरतो तेव्हा ती क्लिप गियरला किंचित, अगदी किंचित, मागे धरून ठेवते. तेवढ्या घर्षणाने गियर शाफ्टसोबत नुसता गोल न फिरता तिरक्या खाच्यांवरून पुढे सरकतो आणि समोरच्या गियरमध्ये जाऊन बसतो. क्लिप सैल झाली तर गियर पुढे जातच नाही आणि किक पोकळ खाली जाते. क्लिप वाकडी होऊन फसली तर गियर परत येत नाही आणि किक अडते. ज्या इंजिनाच्या गुरगुरण्यावर एका पिढीचं तारुण्य लुब्ध झालं, ते इंजिन जागं होतं की नाही हे असं एका तारेच्या पकडीवर अवलंबून असावं, यात रचनाकाराची केवढी नजाकत आहे!

आणि मैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या गाड्या? १९६० च्या सुमारास इराणी कुटुंबाने उभ्या केलेल्या या कारखान्यातून आधी जावा आणि मग येझदी बाहेर पडल्या, १९९६ मध्ये तो बंद होईपर्यंत. त्या गाड्यांची डावीकडची लिव्हर म्हणजे एकाच नटाने रंगवलेल्या दोन भूमिका. तीच गियरची लिव्हर आणि तीच किक. तिला आत दाबून वर फिरवलं की ती किक होते; गाडी सुरू झाली की ती परत पुढे पडते आणि गियर बदलायला तयार होते. आतला किकचा शाफ्ट गियरच्या पोकळ शाफ्टमधून आरपार गेलेला असतो, म्हणजे दोन भूमिकांची वस्त्रं एकाच्या आत एक नेसलेली. ज्याने अशी गाडी प्रथमच हाती घेतली आहे त्याला ती अनेकदा उगाचच जाम वाटते. लिव्हर पुरती आत गेलेली नसते, आणि तो ज्याला किक समजून दाबतो ती अजून गियरच असते. जाणता मिस्त्री इथे पाना उचलत नाही. तो फक्त लिव्हर नीट आत दाबून दाखवतो.

पुन्हा गॅरेजसमोर येऊ. बोटांनी लिव्हर चाचपून झाली. ती स्वतःच वाकून सायलेन्सरला घासत नाही ना, तिचा सांधा गंजला नाही ना, हेही पाहून झालं. आता येते ती परीक्षा, जिच्यासाठी आपण इथवर आलो, कारण इतक्या थोड्या साधनांनी इतकं मोठं सत्य उघड करणारी दुसरी परीक्षा यंत्रविद्येत मला ठाऊक नाही. प्रश्न असा आहे की अडली आहे ती किक, की इंजिन? दोन्हींचं दुखणं पायाला सारखंच लागतं. पण किक हा इंजिनापर्यंत पोचण्याचा एकमेव रस्ता नाही. मागचं चाक, साखळी, गियरबॉक्स, क्लच, असा दुसराही एक रस्ता आहे, ज्याने एरवी इंजिनाचं बळ चाकाकडे येतं. तो उलटा चालून पाहता येतो. मिस्त्री आधी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलतो. चाक मोकळं फिरलं, म्हणजे साखळी आणि ब्रेक निर्दोष. मग तो गाडी सर्वात वरच्या गियरमध्ये टाकतो, आणि इथे त्याच्या निवडीला दाद द्यायला हवी. खालच्या गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाला कितीतरी फेरे घ्यावे लागतात, म्हणून ढकलणं जड जातं. वरच्या गियरमध्ये तेच फेरे कमी होतात आणि हाताचं साधं बळही इंजिनापर्यंत जोमाने पोचतं. गाडी मुख्य स्टँडवर असते, तो मागचं चाक दोन्ही हातांनी धरतो आणि सावकाश फिरवतो.

इंजिन फिरलं तर सगळ्यांचाच श्वास मोकळा होतो: पिस्टन निर्दोष, क्रँक निर्दोष, दुखणं फक्त किकच्या घरातलं. इंजिन फिरलं नाही तर कथा वेगळी वळते. दोन्ही प्रसंगी एकही बोल्ट न उघडता अर्धं निदान झालेलं असतं. आणि कित्येकदा निदान करताना उपचारही होऊन जातो. दात दाताच्या टोकाला टेकून बसला असेल, तर चाक गियरमध्ये थोडं मागे-पुढे झुलवताच आतला गियर केसाएवढा फिरतो, दात एकमेकांच्या फटीत उतरतात आणि इतका वेळ हट्टाने बसलेली किक आपोआप वर येते. मागे ढकलण्यात तर विशेष मर्म आहे. इंजिन उलटं फिरतं तेव्हा दातांवरचा ताण उतरतो, आणि अजून गुंतलेला असेल तर रॅचेटचा उभा दात स्वतःच लिव्हरला वर उचलू लागतो. ज्या बाजूने कोंडी झाली तिच्या नेमक्या उलट दिशेने, अलगद: हा एवढाच उपचार. बळाची एक गुंजही जास्त नाही.

इंजिनच अडलेलं असेल तर मिस्त्री प्लग काढतो. या क्षणी त्याचं नाक कामाला लागतं. प्लगच्या छिद्रातून कच्च्या पेट्रोलचा उग्र वास आला, आणि चाक हळूच फिरवताच पेट्रोल बाहेर उसळलं, तर मघाच्या त्या मध्यावरच्या नीरव नकाराचा उलगडा होतो. पेट्रोलचा कॉक उघडा राहिलेला असतो, कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई नीट बसत नसते, आणि रातोरात थेंबाथेंबाने पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. वर येणारा पिस्टन त्या द्रवाला टेकला की तिथेच थांबतो, आणि म्हणून दर वेळी नेमका त्याच जागी थांबतो. वायू आणि द्रव यांच्यातला शाळेत शिकलेला भेद इथे पायाच्या तळव्याला प्रत्यक्ष भेटतो! अशा वेळी कोणी किकवर उडी घेतली असती तर कनेक्टिंग रॉड वाकायचं भय होतं. मिस्त्री मात्र प्लग बाहेर ठेवून चाकानेच सगळं पेट्रोल उपसतो, आणि मग इंजिनचं ऑइलही बदलतो, कारण त्यातही पेट्रोल उतरून ते पातळ झालेलं असू शकतं.

पेट्रोल नसेल आणि तरीही पिस्टन हलत नसेल, तर तो बसला आहे. नंदुरबारच्या या पट्ट्यात त्याचं एक कारण यंत्राबाहेरचं, माणसांच्या जगण्यातलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीच्या हंगामात गुजरातेत जातात आणि महिनोन् महिने तिकडेच राहतात. दारातली गाडी तशीच उभी राहते. वाल्व उघडा राहिला तर त्यातून दमट हवा आत शिरते, सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर धरतो आणि रिंगा त्याला चिकटतात. माणसं परततात, चार पैसे गाठीला असतात, गाडीची गरज असते आणि किक हलत नाही. दोन स्ट्रोक गाडीत आणखी एक संकट असतं: पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं की तापलेला पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. दोन्ही प्रसंगी मिस्त्री प्लगच्या छिद्रातून थोडं डिझेल किंवा ऑइल आत सोडतो आणि म्हणतो, उद्या या. हे ‘उद्या’ टाळण्यासाठी सांगितलेलं नसतं. तेलाला रिंगांच्या कडेकडेने, गंजाच्या बारीक छिद्रांतून खाली झिरपायला तेवढा वेळ खरोखरच लागतो, आणि त्या रात्रभरात जे काम होतं ते कुठल्याही हातोडीने होणार नसतं. दुसऱ्या दिवशी वरच्या गियरमध्ये चाक हलवलं की कधीकधी सूतभर, मग बोटभर, मग पूर्ण फेरा असं इंजिन सुटत जातं. कधी सुटत नाही, आणि मग मात्र हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

इथे मला दत्तजयंतीचा घोडेबाजार आठवतो, आणि तो ओढून-ताणून आठवत नाही. यात्रेत मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पंजाबी अशा जातींचे घोडे दूरदूरच्या मुलखांतून येतात आणि किमती लाखांत जातात. तिथले पारखी पाहावेत. ते घोड्याला आधी दुरून पाहतात, मग चालवून पाहतात, रवाल चाल धरतो का ते बघतात, अंगावरचे भोवरे न्याहाळतात, चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी दिसला तर थबकतात. आणि शेवटी, अगदी शेवटी, ओठ वर करून दात बघतात, कारण कोणी काहीही सांगो, वय दातांवर लिहिलेलं असतं. दातांच्या खळ्या किती भरल्या, कडा किती झिजल्या, यावरून ते घोड्याची वर्षं वाचतात. आतलं सारं बाहेरून वाचायचं, आणि उघडायचं ते सर्वात शेवटी: याच गावच्या मातीत ही विद्या पिढ्यानपिढ्या घोड्यांवर चालली, आणि रस्त्याकडेचा मिस्त्री तीच विद्या लोखंडावर चालवतो. त्यानेही शेवटी दातच पाहायचे असतात.

तर आता झाकण उघडू. आधी ऑइल काढलं जातं, आणि ते वाहत्या धारेतच वाचलं जातं. धारेत चमचमणारी बारीक पूड दिसली तर दात झिजत आहेत. लहानसा तुकडाच खणकन भांड्यात पडला तर दात तुटला आहे, आणि बहुधा त्याचाच एखादा सोबती अजून दोन गियरांच्या मध्ये अडकून बसला आहे. काही गाड्यांत क्लचच्या बाजूचं झाकण काढलं की किकचा संच हाताशी येतो; काहींत त्यासाठी इंजिनचे दोन्ही अर्धे वेगळे करावे लागतात, आणि तेव्हा मघाच्या बाहेरच्या परीक्षेचं मोल मालकाला रुपयांत कळतं. संच बाहेर आला की मिस्त्री तो कापडाने पुसतो आणि उजेडात धरतो. रॅचेटच्या दातांची उभी बाजू अजून धारदार आहे, की तिची कड गोल होऊन तीही उतरतीसारखीच झाली आहे? गोल झाली असेल तर पायाखाली किक घसरत असणार, आणि मालक तशी तक्रार करून गेलेला असतो, पण फार आधी, जेव्हा त्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. परत ओढणारी स्प्रिंग पाहावी: तिचं एक टोक केसमध्ये, दुसरं शाफ्टच्या भोकात. मोडली असेल तर ती बहुधा वळणावरच, टोकाजवळच मोडलेली असते, कारण प्रत्येक किकचा सारा पीळ तिथेच साठत आलेला असतो. एवढ्या एका टोकावाचून किक लोंबत राहते, रॅचेट आपल्या उतारावर परत चढत नाही, आणि चालू इंजिनाचे दात त्याच्यावरून अखंड कर्रकर्र घासत राहतात.

दात तुटण्यामागे कधी इंजिनाचाच उलटा फटका असतो. ठिणगी वेळेच्या फार आधी पडू लागली की पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो, इंजिन मागे उसळतं आणि रॅचेटच्या उभ्या दातांवर सारा आघात येतो. १९५५ पासून मद्रासेत घडत आलेल्या बुलेटच्या जुन्या स्वारांना हे नीट ठाऊक आहे. म्हणून ते डीकॉम्प्रेसर दाबून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, पिस्टन दाबाच्या शिखरापार अलगद नेऊन मगच किक मारतात. तो विधी परंपरेने आला असला तरी त्याची प्रत्येक पायरी या दातांच्या रक्षणासाठी आहे. सेल्फ असलेल्या गाड्यांत पायाच्या जागी मोटर येते आणि दातांच्या जागी पाचरीसारख्या फटींत बसणारे रोलर येतात, पण धरायचं आणि सोडायचं हा पेच तोच, आणि तिथेही उलटा फटका तेवढाच घातक.

नवी स्प्रिंग बसवताना तिला थोडा आधीच पीळ द्यावा लागतो, म्हणजे विश्रांतीतही ती किकला वर ओढून धरते. नवं पॅकिंग लागतं, झाकण चढतं, ऑइल भरलं जातं. आता फक्त लिव्हर उरली, आणि एवढ्यानंतरही इथे एक शेवटचा रस शिल्लक आहे. लिव्हरच्या भोकात आणि शाफ्टच्या टोकावर बारीक खाचे असतात, त्यामुळे ती एकाच कोनात बसवायचं बंधन नसतं. एक खाच मागे, एक खाच पुढे, असं करता येतं. चांगला मिस्त्री ती हाताला येईल तशी ठोकत नाही. तो मालकाला गाडीवर बसवतो, पाय ठेवायला सांगतो आणि गुडघा किती वर येतो ते पाहतो. मालक म्हणतो, “आखो जरासं मांगे.” लिव्हर निघते, एक खाच मागे जाते, पुन्हा पाय, पुन्हा नजर. मग मिस्त्री विचारतो की गाडी जास्त कोण चालवतं. मालक मागे उभ्या असलेल्या, आपल्याहून वितभर उंच मुलाकडे बोट करतो. मिस्त्री लिव्हर पुन्हा काढतो, मुलाला गाडीवर बसवतो आणि त्याच्या पायाच्या मापाने ती नव्याने बसवून बोल्ट आवळतो.